दात न येणारं मूल



मूल सात-आठ महिन्यांचं झालं, की घरची माणसं पहिल्या दाताची वाट पाहतात. पण एखाद्या मुलाला दीड वर्ष झालं तरी दात दिसत नाही. पुढं दोन-चार येतात, तेही सुळ्यासारखे टोकदार. केस विरळ, कातडी कोरडी. उन्हात अंग तापतं, पण घाम येत नाही. मग लोक आईला बोल लावतात. म्हणतात, "हिनं ग्रहण पाळलं नाही."

मंडळी, हे खरं नाही. हा वंशातून येणारा आजार आहे. दात, केस, कातडी आणि घामाच्या ग्रंथी गर्भाच्या बाहेरच्या थरापासून घडू लागतात. तिथं उणीव राहिली, की या साऱ्यांवर परिणाम होतो.

चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८७५ साली सिंधमधल्या एका हिंदू घराण्याची हकिगत छापली. सिंध आता पाकिस्तानात आहे. त्या घराण्यात चार पिढ्यांत दहा पुरुषांना हा त्रास होता. त्यांना पुढचे चारच बारीक दात होते आणि आठ दाढा. लेकींना त्रास नव्हता. पण लेकींच्या मुलग्यांना तो होई. या आजाराचा नेहमी आढळणारा प्रकार असाच चालतो. आईला पुष्कळदा त्याची कल्पनाही नसते. मग तिचा दोष कसला?

यावर उपाय आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलालाही छोटी कवळी बसवता येते. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते. कवळीमुळे भाकरी चावता येते, बोलणं स्पष्ट होतं. हाडात पक्के दात बहुधा वाढ पुरी झाल्यावरच बसवतात.

जे दात आहेत ते जपा. कवळीला त्यांचाच आधार असतो. या मुलांना लाळ कमी सुटते, म्हणून दात लवकर किडतात. दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या टूथपेस्टनं दात घासा. मिश्री लावू नका. रात्री कवळी काढा, धुवा आणि पाण्यात ठेवा.

उन्हाळ्यात मुलाला सावलीत ठेवा, पाणी पाजत राहा. अंग तापलं तर ओल्या फडक्यानं पुसा आणि डॉक्टरांकडं न्या.

आधी आपल्या आरोग्य केंद्रात दाखवा. मुंबई, नागपूर इथं दातांची सरकारी महाविद्यालयं आहेत. तिथं दवाखानाही असतो. दात आज ना उद्या येतील म्हणून वर्षं घालवू नका. मूल शाळेत जाऊ लागण्याआधी त्याला नीट जेवता आणि बोलता आलं पाहिजे.