अपंग मुलांची शाळा : आपल्या मागणीपत्रातील राहून गेलेले कलम
(कार्यकर्ता अभ्यासवर्गात केलेले भाषण)



सकाळपासून येथे वेतन, बोनस आणि भविष्य निर्वाह निधी या विषयांवर चर्चा झाली. आम्ही आता जो विषय मांडणार आहोत, तो कोणाला युनियनच्या कक्षेबाहेरचा वाटेल. पण तो आपल्याच सभासदांच्या घरातला आहे. विषय आहे अपंग मुलांच्या शिक्षणाचा.

सुरतेत यंत्रमागावर काम करणारा, मूळचा खानदेशातला एक सभासद काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आला. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. बुद्धी तल्लख, पण चालता येत नव्हते आणि बोलणे अडखळत होते. घराजवळच्या शाळेने सांगितले, "हिला विशेष शाळेत घाला." ती शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. आई मुलीला कडेवर घेऊन जायची आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर बसून राहायची. साड्यांवर टिकल्या लावण्याचे तिचे घरचे काम सुटले. वडिलांची मजुरी मीटरवर; अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी इस्पितळात घातलेला प्रत्येक दिवस बिनपगारी गेला. चार महिन्यांत मुलगी घरी बसली.

आम्ही भांडायच्या तयारीनेच त्या जवळच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी शांतपणे आम्हाला वर्ग दाखवला. एका शिक्षकाकडे पन्नासावर मुले. दाराशी उतार बांधलेला होता, पण स्वच्छतागृहाला दोन पायऱ्या होत्या. विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येत, कारण त्यांच्याकडे इतरही अनेक शाळा होत्या. त्या बाईंना भेटलो तेव्हा कळले, की त्या कंत्राटावर आहेत, दरवर्षी नवा आदेश निघतो आणि तीन महिन्यांचे मानधन थकले आहे. म्हणजे एकीकडे कामगाराची मुलगी आणि दुसरीकडे कंत्राटी कामगार. दोघींचा प्रश्न एकच होता आणि आमच्या मागणीपत्रात दोघींपैकी एकीचाही उल्लेख नव्हता.

कायदे कमी नाहीत. १९७४ साली केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना सुरू केली. तिचा अर्थ एवढाच होता, की जे मूल शाळेशी जुळवून घेईल त्याला आत घ्यावे. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे ९२ सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी हा विचार उलटा केला. शाळेने मुलाशी जुळवून घ्यावे, यालाच समावेशक शिक्षण म्हणतात. आपल्याकडे १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. पुढे २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे.

मग अडते कुठे? माणसांवर आणि पैशावर. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले : प्राथमिकला १० अपंग मुलांमागे एक, त्यापुढे १५ मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा आदेश द्यावा लागला, की मंजूर पदे जाहीर करा. २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत एका अपंग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद ठरली. दिवसाला दहा रुपयेही होत नाहीत.

येथे दोन शंका हमखास निघतात. पहिली शिक्षक बंधूंची : पन्नास मुलांच्या वर्गात हा नवा बोजा कसा उचलायचा? शंका रास्त आहे. विशेष शिक्षक न देता, वर्ग लहान न करता नुसता प्रवेश देणे म्हणजे मुलाला मागच्या बाकावर बसवून ठेवणे. दुसरी शंका विशेष शाळांतील कर्मचाऱ्यांची : आमच्या नोकऱ्या जातील काय? विशेष शाळा बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा जाणणारे सोबती आणि शिक्षक लागतात. या शाळांतील अनुभवी माणसांनी आसपासच्या शाळांना मार्गदर्शन करावे आणि त्यांच्या सेवाशर्तींना धक्का लागू नये, अशी आपली भूमिका असली पाहिजे.

आता आपण काय करायचे? प्रत्येक शाखेने सभासदांच्या घरातील अपंग मुलांची यादी करावी. पुष्कळ जण लाजेने सांगत नाहीत. घरी जाऊन विचारावे लागेल. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. मागावरच्या मजुराला प्रमाणपत्रासाठी एक दिवस नाही. तेव्हा पुढच्या मागणीपत्रात अशा पालकांसाठी भरपगारी रजेचे कलम घालावे. कंत्राटी विशेष शिक्षकांना संघटित करून कायम पदांसाठी उभे करावे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, त्यांत आपली माणसे बसली पाहिजेत. पायऱ्यांच्या जागी उतार बांधण्याचा ठराव तिथेच होतो.

त्या मुलीचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. कायद्याची प्रत पुढे ठेवल्यावर त्याच शाळेने प्रवेश दिला, वर्ग तळमजल्यावर आणला. वर्गातल्या मुली आता तिला धरून नेतात आणि आई पुन्हा टिकल्या लावते. पण मधली दोन वर्षे बुडाली ती बुडालीच. आम्ही आधी विचारले असते, तर ती वाचली असती. म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या मासिक सभेला येताना आपापल्या शाखेची यादी बरोबर आणा.