शहरें वाढलीं, शेतकऱ्याचा वांटा कोठें आहे?

(सत्यशोधक समाजाच्या स्थापनादिनीं, २४ सप्टेंबर रोजीं, पुरंदर तालुक्यांतील एका खेड्यांत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



बाजरी काढणीस आली आहे, आभाळाचा नेम नाहीं, अशा दिवसांत हातचें काम टाकून आपण येथें आलांत. तेव्हां आपला वेळ फुकट घालविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. १८७३ सालीं आजच्याच दिवशीं जोतीराव फुले यांनीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. त्यांच्या तसबिरीस हार घालून घरीं जाणें सोपें आहे. परंतु ज्या पुरुषानें १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्याचें नांव घ्यावयाचें आणि शेतकऱ्याच्या आजच्या दुखण्यास हात लावावयाचा नाहीं, हें ढोंग होईल. म्हणून आज आम्ही जोतीरावांच्याच दोन गांवांविषयीं बोलणार आहों. एक मांजरी आणि दुसरें आपल्या तालुक्यांतील खानवडी.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. शेतकऱ्याची बाजू घेतली कीं शहराचा द्वेष केला पाहिजे, असें कित्येकांस वाटतें. जोतीराव शहराचे वैरी नव्हते. ते पुण्यांत राहिले, त्यांनीं सरकारी कामांचे ठेके घेतले, १८७६ पासून कांहीं वर्षें ते पुणें नगरपालिकेचे सभासद होते. आणि त्याबरोबरच पुण्यापासून जवळ मांजरीस जमीन घेऊन ते स्वतः शेतीही करीत. एका हातांत शहराचा कारभार व दुसऱ्या हातांत नांगर असलेला हा मनुष्य होता. त्यास ठाऊक होतें कीं, शहर हवेंत वाढत नाहीं. तें कोणाच्या तरी जमिनीवर वाढतें, कोणाचें तरी पाणी पितें. ज्याची जमीन आणि ज्याचें पाणी, त्याचा त्या शहरांत वांटा कोणता, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आतां मांजरीकडे वळूं. खडकवासल्याचें धरण १८७९ च्या सुमारास पुरें झालें तें शेतीस पाटाचें पाणी मिळावें व पुणें आणि खडकीस पिण्याचें पाणी मिळावें, अशा दुहेरी हेतूनें. मागाहून पानशेत, वरसगांव व टेमघर हीं धरणें झालीं. चारी धरणें मिळून सुमारें २९ टीएमसी पाणी धरतात. हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांतील शेतकऱ्यांचें पीक या पाण्यावर आहे. पण शहर वाढलें तसा शहराचा उपसा वाढला. मंजूर कोट्यापेक्षां शहर जास्त पाणी उचलतें म्हणून पाटबंधारे खातें व महानगरपालिका यांचें भांडण वर्षानुवर्षें चाललें आहे. दोघांच्या भांडणांत कालव्याच्या शेपटाशीं बसलेला शेतकरी मात्र आवर्तनाची वाट पाहत राहतो. त्याची भरपाई म्हणून मुंढव्याहून प्रक्रिया केलेलें सांडपाणी कालव्यांत सोडण्याची योजना निघाली. म्हणजे धरणाचें पाणी शहरानें प्यावें आणि शहराचें वापरलेलें पाणी शेतानें प्यावें, असा हा व्यवहार आहे.

आम्ही पुरंदरचे लोक तर हें रोज पाहतों. आपल्या उपसा योजनेचें पाणी मुळा-मुठेंतून उचललेलें असतें. ज्या नदींत साऱ्या शहराची घाण उतरते, त्याच नदीचें पाणी वीजबिल भरून डोंगरावर चढवून आपण अंजीर-सीताफळाच्या बागा जगविल्या. पुरंदरच्या अंजिरास भौगोलिक मानांकन मिळालें. हा पराक्रम लहान नव्हे.

बरें, शेतकऱ्याचें पाणी घेऊन तरी शहरानें आपल्या वेशींत आलेल्या खेड्यांस सुखी केलें काय? २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें पुणें महानगरपालिकेंत गेलीं. मांजरी त्या २३ पैकीं एक. गांवें गेलीं; त्यांच्याबरोबर घरपट्टी वाढली, नकाशे रंगले, इमारती उठल्या; पण कित्येक ठिकाणीं नळाच्या अगोदर टँकर आला. देवाची उरुळी व फुरसुंगी या गांवांच्या माथीं तर शहराचा कचरा वर्षानुवर्षें पडला आणि तेथील विहिरी नासल्या. हीं दोन गांवें २०१७ सालीं महानगरपालिकेंत घेतलीं, आणि २०२४ सालीं बाहेर काढून त्यांची निराळी नगरपरिषद केली. २०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्त्याकडील नांदेड, किरकटवाडी या भागांत हातापायांतील बळ हरपणारा गिलेन-बारे नांवाचा आजार पसरला, माणसें दगावलीं आणि बोट दूषित पाण्याकडे गेलें. हीं गांवें खडकवासल्याच्या पायथ्याशीं आहेत. धरणाच्या उशाला निजलेल्या माणसास स्वच्छ पाण्याचा पेला मिळूं नये, याला विकास म्हणावयाचें असेल तर अधोगति कशास म्हणावें?

आतां खानवडी. जोतीरावांचें घराणें पुण्यास जाण्यापूर्वीं खानवडीस होतें, हें आपणांस ठाऊक आहे. २०१६ सालीं पुरंदरच्या विमानतळाची जागा जाहीर झाली. पारगांव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी व उदाचीवाडी हीं सात गांवें त्यांत आलीं. १९६१ च्या औद्योगिक विकासाच्या कायद्याखालीं नोटिसा निघाल्या. २०२५ च्या मे महिन्यांत ड्रोननें मोजणी करावयास सरकारी माणसें आलीं, तेव्हां लोक आडवे झाले आणि कुंभारवळणास लाठ्या चालल्या. पुढें त्याच वर्षीं क्षेत्र कमी केलें गेलें, संमति देणारास मोबदल्याखेरीज १० टक्के विकसित भूखंड देऊं असें सांगण्यांत आलें, आणि पुष्कळांनीं संमतिपत्रें दिलीं. कांहींनीं दिलीं नाहींत.

ज्यांनीं संमति दिली त्यांस आम्ही भित्रे म्हणणार नाहीं, व ज्यांनीं नाकारली त्यांस विकासाचे शत्रु म्हणणार नाहीं. परंतु एक गोष्ट विचारल्यावांचून राहवत नाहीं. लाठीस न भिणारा शेतकरी चार महिन्यांत सही करतो, तो कां? त्याचें उत्तर लाठींत नाहीं, बाजाराच्या आवारांत आहे. २०२३ च्या डिसेंबरांत कांद्याची निर्यात एकाएकीं बंद केली; ती २०२४ च्या मेपर्यंत बंदच होती. चार पैसे मिळण्याची वेळ आली कीं दार बंद, आणि भाव कोसळला म्हणजे कोणी दार उघडून पाहत नाहीं. टोमॅटो रस्त्यावर ओतला जातो. सोसायटीचें कर्ज नवें-जुनें करून वर्ष ढकलावें लागतें. शेती करणाऱ्या मुलास मुलगी देत नाहींत. अशा माणसापुढें कोणी कागद धरला, तर तो त्या कागदाकडे सुटकेच्या आशेनें पाहतो. पिकाला भाव नसणें हेंच जमीन घेणाराचें सर्वांत मोठें भांडवल आहे. जो आनंदानें शेती करतो त्याची संमति ही संमति. जो शेतींत बुडाला आहे त्याची संमति ही लाचारी. म्हणून आम्ही म्हणतों कीं, मोबदल्याची मागणी करण्यापूर्वीं पिकाच्या भावाची मागणी करा. या दोन मागण्या निराळ्या नाहींत.

आम्ही पेशानें मास्तर. म्हणून आपल्यापुढें एक हिशोब मांडतों. समजा, एका घरची दोन एकर जमीन गेली आणि एकरीं एक कोट रुपये मिळाले. दोन कोट ऐकून डोळे फिरतात. चार भाऊ, प्रत्येकास ५० लाख. घर बांधलें २५ लाखांचें. मुलीचें लग्न दहा लाखांचें, कारण गांव पाहत होतें. गाडी दहा लाखांची, कारण शेजाऱ्यानें घेतली. राहिले पांच लाख. ते बँकेंत सात टक्क्यांनीं ठेवले, तर महिन्यास सुमारें २,९०० रुपये व्याज येतें. तेवढ्यावर घर चालत नाहीं. मग ज्या शिवारांत बापानें मोट हांकली, तेथील इमारतीच्या फाटकाशीं मुलगा खुर्ची टाकून बसतो. शाळेंत मूल दाखल करतांना आम्ही बापाचा धंदा लिहून घेतों. पूर्वीं तेथें आम्ही ‘शेती’ लिहीत होतों. आतां ‘वॉचमन’ आणि ‘ड्रायव्हर’ लिहितों. त्या कामांत कमीपणा नाहीं. पण मालकाचा चाकर झाला, हें लिहितांना हात अडखळतो.

आणि या हिशोबांत एक चूक आहे, ती कोणाच्या ध्यानांत आली काय? त्या चार भावांस दोन बहिणीही होत्या. आम्हीं त्यांस धरलें नाहीं. आपणही धरलें नाहीं. २००५ च्या कायद्यानें वडिलार्जित जमिनींत मुलीचा वांटा मुलाइतकाच आहे. तरी मोबदला येण्याच्या आदल्या दिवशीं बहिणीस साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. जोतीराव व सावित्रीबाई यांचें नांव घेणाऱ्या घरांत तरी हें घडूं नये. तसेंच ज्यांचा सातबारा नाहीं ते मजूर, वांटेकरी व मेंढपाळ यांचें काय? २०१३ चा भूसंपादन कायदा जमिनीवर पोट असलेल्या भूमिहीन कुटुंबांसही बाधित म्हणतो. पण यादी करणारा तलाठी सातबारा पाहतो, आणि सातबारावाला आपल्या शेजारच्या मजुराचें नांव सांगत नाहीं. आपणांस न्याय पाहिजे असेल तर आपल्याखालच्यास तो आधीं दिला पाहिजे.

एक कडू गोष्ट बोलतों, राग मानूं नये. जोतीरावांच्या काळीं शेतकऱ्यास नाडणारे शेटजी-भटजी लांबून ओळखूं येत. आजचा दलाल आपल्याच आडनांवाचा आहे. तो भाचा आहे, मेव्हणा आहे, गल्लींतल्या मंडळाचा अध्यक्ष आहे. तो दंडांत जोतीरावांचें चित्र असलेला बिल्ला लावतो आणि संध्याकाळीं इसारपावती घेऊन ओट्यावर बसतो. घाटाखालीं उतरून नवी मुंबईंत काय झालें तें पाहा. १९७० सालीं सिडको निघाली आणि ९५ गांवांच्या जमिनी शहरासाठीं घेण्यांत आल्या. दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखालीं लोक लढले. १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच शेतकरी पडले. त्या रक्तावर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. परंतु पुष्कळांचा तो हक्क भूखंड हातीं येण्यापूर्वींच बिल्डरांनीं स्वस्तांत लिहून घेतला. लढाई जिंकून तह करतांना आपण हरलों.

उलट हडपसरजवळ मगरपट्ट्यास पाहा. तेथील सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली सुमारें ४०० एकर जमीन तुकड्यांनीं विकली नाहीं. सर्वांनीं मिळून कंपनी केली, जमिनीच्या प्रमाणांत भाग घेतले आणि शहर स्वतःच वसविलें. मुलांनीं बांधकामाचे ठेके घेतले, धंदे शिकले. तीं कुटुंबें पुष्कळशीं एका भावकीचीं होतीं, म्हणून एकोपा सोपा गेला, हें खरें. पण भावकी तर आपल्याही गांवांत आहे. ती कोर्टांत बांधावरून भांडते, एवढाच फरक.

म्हणून शेवटीं चार गोष्टी सांगतों. एक, कोणत्याही कागदावर एकट्यानें सही करूं नका. नोटीस ग्रामसभेंत मोठ्यानें वाचा, समजली नाहीं तर शाळेंत आणा. आम्ही रात्रींसुद्धां वाचून दाखवूं. दोन, बहिणीचा व आईचा वांटा आणि मजुरांची यादी आपणच लिहून द्या. तीन, भूखंड मिळेपर्यंत कुलमुखत्यारपत्र कोणास देऊं नका, आणि मिळाल्यावर तो एकत्र राखा. चार, ज्यास जमीन द्यावयाची नाहीं त्याचें नाहीं म्हणणें सरकारनें ऐकलें पाहिजे, आणि ज्याची जमीन राहिली त्याच्या पिकास भाव व शेतास स्वच्छ पाणी मिळालें पाहिजे, ही मागणी ज्यांनीं जमीन दिली त्यांनींही सोडूं नये.

मुलांस शाळेंतून काढूं नका. मोजणीचा नकाशा, कंपनीचा हिशोब व कायद्याचें कलम वाचतां येणारीं दहा मुलेंमुलीं प्रत्येक गांवांत झालीं, तर फाटकाशीं खुर्ची टाकून बसण्याची पाळी त्यांजवर येणार नाहीं. तीं आंत, टेबलाशीं बसतील आणि शहर कसें वाढावें हें सांगतील. मांजरीस नांगर धरून नगरपालिकेंत बोलणाऱ्या जोतीरावांनीं हाच कित्ता आपल्यापुढें ठेवला आहे.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों. सत्यमेव जयते.