गोळी आणि उतारशाळा

(उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



आज वेदीजवळ ठेवलेला ऊस पाहिला आणि मला सातपुड्यातली आपली माणसं आठवली. दिवाळीनंतर नंदुरबारच्या पाड्यांतून नवरा-बायको मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. त्या जोडीला म्हणतात ‘कोयता’. माणसाला हत्याराचंच नाव! डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. एक दिवस बसलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. एक बहीण मला म्हणाली, “ताई, आम्ही भाकरीआधी गोळी खातो.”

या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. डायक्लोफेनॅकसारख्या गोळीची नशा होत नाही. पण रोज, उपाशीपोटी, पाणी कमी पिऊन घेतली तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते. ट्रॅमाडॉल मात्र अफूच्या जातीचं औषध आहे. 2018 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. आधी एका गोळीने भागतं, मग दोन लागतात. बंद केली तर घाम, जुलाब, झोप नाही, आणि अंग पहिल्यापेक्षा जास्त ठणकतं. दुखणं थांबवायला घेतलेली गोळीच मग दुखणं देते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या एका पाड्यावरचा भाऊ मोळीसकट फळीवरून पडला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या कॅप्सूल लिहून दिल्या. त्याची कळ मला बघवेना. तीच चिठ्ठी घेऊन मी आणखी तीनदा औषध आणून दिलं. दुकानदाराने विचारलं नाही, मीही नाही. मला वाटलं, मी सेवा करते आहे. वर्षभराने तो दिवसाला दहा कॅप्सूल घेत होता. बायकोची जोडवी विकली गेली होती. एका रात्री त्याला झटका आला, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी औषध हळूहळू कमी केलं. मध्ये एकदा तो पुन्हा घसरला. तेव्हा त्याची बायको म्हणाली, “ताई, आता याला सोडू नका.” यंदा ते दोघं फडावर गेले नाहीत, रोजगार हमीच्या कामावर आहेत. उचल अजून फिटलेली नाही. त्याची कंबर अजून दुखते. पण आता तो तसं सांगतो, लपवत नाही.

कोणी म्हणेल, विश्वास ठेवला तर गोळी कशाला? मी तसं म्हणणार नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमेवर आधी तेल आणि द्राक्षारस ओतला. औषध देवाचंच दान आहे. पण तो तिथेच थांबला नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेलं, रात्रभर जपलं, दोन दिनार दिले आणि परत येईन म्हणाला. मी त्या भावाला तेल दिलं, उतारशाळा दिली नाही. ती चूक मी प्रभूपुढे आणि त्याच्या बायकोपुढेही कबूल केली आहे.

म्हणून माझी मंडळीला विनंती. घरात उरलेल्या गोळ्या आमच्या पेटीत टाकू नका. आपला हेतू चांगला असतो, पण आम्ही त्या आता वाटत नाही. त्याऐवजी रुग्णाला तालुक्याला नेण्याचं भाडं द्या, चार महिने सोबत येणारा माणूस द्या. आणि आपल्याही घरात पाहा: गुडघ्यासाठी, पाठीसाठी जुन्या चिठ्ठीवर कोणी गोळ्या घेतंय का? त्याला रागावू नका. एकदम बंदही करायला लावू नका. डॉक्टरांकडे घेऊन जा. 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

त्या भावासाठी, त्याच्या बायकोसाठी, आणि या हंगामात फडावर असलेल्या प्रत्येक कोयत्यासाठी प्रार्थना करा. आपल्या चहात साखर आहे, तोवर त्यांची कंबर आपल्या प्रार्थनेत असू द्या.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वादित करो. आमेन.