महाकवी आणि मैला वाहणारी स्त्री



२०१८ साली चिली देशात एक वाद उभा राहिला. राजधानी सांतियागो येथील आंतरराष्ट्रीय विमानतळाला महाकवी पाब्लो नेरुदा यांचे नाव द्यावे, असा प्रस्ताव प्रतिनिधिगृहाच्या सांस्कृतिक समितीने मान्य केला. नोबेल पारितोषिकाचा मानकरी, जगभर वाचला जाणारा कवी. हे नाव निर्विवाद ठरेल अशीच प्रस्तावकांची समजूत असावी. परंतु चिलीतील स्त्रियांच्या संघटनांनी ह्या प्रस्तावाला कडाडून विरोध केला. त्यांचा आधार नेरुदांच्या शत्रूंनी काढलेले एखादे पत्रक नव्हते. तो आधार म्हणजे नेरुदांचे स्वतःचे आत्मचरित्र होते. अखेर विमानतळाचे नाव बदलले गेले नाही.

डाव्या चळवळीला नेरुदांची ओळख करून देण्याचे कारण नाही. स्पेनमधील यादवी युद्धात प्रजासत्ताकाचा पराभव झाल्यावर फ्रान्समध्ये अडकून पडलेल्या दोन हजारांहून अधिक निर्वासितांना १९३९ साली 'विनिपेग' जहाजाने चिलीला नेण्याची व्यवस्था त्यांनी केली. १९४५ साली उत्तरेकडील सोऱ्याच्या खाणींच्या प्रांतांतून ते सेनेटवर निवडून आले आणि त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. खाणकामगारांवरील दडपशाहीविरुद्ध आवाज उठविल्याबद्दल १९४८ साली त्यांच्या अटकेचा हुकूम सुटला. काही काळ भूमिगत राहून, पुढे घोड्यावरून अँडीज पर्वत ओलांडून त्यांना देशाबाहेर पडावे लागले. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने आयेंदे यांचे सरकार उलथून पाडले. त्यानंतर बाराच दिवसांनी नेरुदांचे निधन झाले, आणि त्यांची अंत्ययात्रा हेच लष्करशाहीविरुद्धचे पहिले जाहीर निदर्शन ठरले. असा हा कवी. त्याच्यावरचा आक्षेप ऐकून घेणे डाव्या कार्यकर्त्याला जड जाते ते ह्यामुळेच.

आता आक्षेप कोणता ते पाहावे. १९२९ साली पंचविशीतले नेरुदा चिलीचे वाणिज्यदूत म्हणून कोलंबोत आले आणि वेल्लवत्ता भागात समुद्रकाठच्या बंगल्यात राहू लागले. बंगल्याच्या मागे टोपलीचा संडास होता. ती टोपली रोज सकाळी रिकामी झालेली असे. ती कोण नेते हे साहेबांना ठाऊक नव्हते. एके दिवशी पहाटे त्यांना मैला नेणारी तमिळ स्त्री दिसली. अस्पृश्य मानलेल्या जातीची, अंगावर साधेच जाडेभरडे लुगडे, डोक्यावर मैल्याचे भांडे. साहेबांनी तिला हाका मारल्या. तिच्या वाटेवर कधी रेशमी वस्त्र, कधी फळे ठेवली. तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग एका सकाळी त्यांनी तिचे मनगट घट्ट धरले आणि तिला आत नेले. ती प्रतिकार करू शकली नाही आणि तिने प्रतिसादही दिला नाही. सर्व वेळ डोळे उघडे ठेवून ती दगडी पुतळ्यासारखी निश्चल राहिली. तिने आपला तिरस्कार केला तो योग्यच होता, असेही नेरुदांनी लिहिले आहे. एवढे लिहून आत्मचरित्र पुढच्या प्रसंगाकडे वळते.

हे आत्मचरित्र नेरुदांच्या मृत्यूनंतर, १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि अनेक भाषांत गेले. ते पान कोणी दडवून ठेवले नव्हते. तरीही त्यावर मोठा गवगवा व्हायला चार दशके लागली. ह्या चार दशकांचा हिशेब एकट्या नेरुदांकडे मागून चालणार नाही. तो वाचकांकडे, समीक्षकांकडे आणि डाव्या चळवळीकडेही मागावा लागेल. कारण जे घडले त्याला साध्या भाषेत बलात्कार म्हणतात, आणि जिच्यावर तो झाला ती स्त्री सर्वांत खालच्या थरातली कामगार होती. कामगाराच्या बाजूने उभे राहण्याचे व्रत घेतलेल्या वाचकांनी ते पान वाचले, आणि ते पुढे गेले.

ह्या प्रश्नाला दोन तयार उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले उत्तर असे की कलाकृती वेगळी आणि कलावंत वेगळा. कवितेचे मोल कवितेत पाहावे, कवीच्या शय्यागृहात डोकावू नये. हे उत्तर सभ्य वाटते. परंतु नेरुदांच्या बाबतीत ते टिकत नाही. 'कान्तो हेनेराल' हा त्यांचा महाग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला. त्यात माचू पिचू ह्या प्राचीन नगरीवरचे एक दीर्घ काव्य आहे. ते दगड कोणी वाहिले, त्या भिंती रचणाऱ्यांचे काय झाले, असा प्रश्न कवी तेथे विचारतो आणि त्या अनाम, मृत श्रमिकांना आपल्या मुखाने बोलण्याचे आवाहन करतो. विसाव्या शतकातील श्रमिकांच्या काव्यात ह्या कवितेचे स्थान फार वरचे आहे. पण शेकडो वर्षांपूर्वीच्या अनाम श्रमिकांना वाचा देऊ पाहणाऱ्या ह्याच कवीच्या अंगणातून एक श्रमिक स्त्री रोज जात होती. तिचे नाव आत्मचरित्रात नाही. ते विचारले गेल्याचाही उल्लेख नाही. कवितेचा विषय आणि कवीचे वर्तन ह्यांची गाठ कवितेतच पडते. ती बाहेरून कोणी मारलेली नाही. मग दोहोंना वेगळे करायचे ते कोठून?

दुसरे उत्तर ह्याच्या उलट टोकाचे आहे. माणूस असा, तर त्याची कविताही फेकून द्या. हे उत्तर संतापातून येते आणि तो संताप न्याय्य आहे. पण त्याचा परिणाम काय होतो? आत्मचरित्र फेकून दिले, की त्या स्त्रीच्या अस्तित्वाचा एकमेव लेखी पुरावाही त्याबरोबर जातो. माचू पिचूचे काव्य फेकून दिले, तर नेरुदांचे काही बिघडत नाही, ते केव्हाच गेले. बिघडते ते चिलीच्या खाणीतील त्या मजुराचे, ज्याला त्या ओळींत आपले पूर्वज भेटले. शिवाय ह्या वादाने कोणाचे फावते ह्याचेही भान ठेवले पाहिजे. १९७३ मध्ये नेरुदांच्या सांतियागोतील घराची नासधूस झाली ती त्या तमिळ स्त्रीच्या कैवारापोटी नव्हे. नेरुदांचा काटा काढू पाहणारे सगळेच स्त्रियांचे मित्र नसतात. चिलीच्याच लेखिका इसाबेल आयेंदे यांनी नेरुदांच्या जीवनातील काही गोष्टींचा उघड तिटकारा व्यक्त केला आणि तरीही त्यांचे काव्य निकालात काढण्यास नकार दिला, ह्यामागील विवेक समजून घेण्यासारखा आहे.

येथे एक बचाव हमखास पुढे येतो: तो काळच तसा होता. तो काळ खरोखरच कसा होता? १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन ह्या सत्याग्रही कैद्याने आपल्याला मैला साफ करण्याचे काम मिळावे म्हणून अन्न सोडले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. कोलंबोतील त्या सकाळीनंतर दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मैला वाहणाऱ्याच्या माणूसपणाची जाणीव त्या काळाला नव्हती असे म्हणता येत नाही. किंबहुना नेरुदांनाही ती होती. नाहीतर तिचा तिरस्कार योग्य होता हे वाक्य त्यांनी लिहिलेच नसते.

मग ह्या प्रश्नाकडे पाहावे कसे? १९४४ साली इंग्रज समाजवादी लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी चित्रकार साल्वादोर दाली यांच्या आत्मचरित्रावर एक निबंध लिहिला. दाली उत्तम चित्रकार आहे आणि दाली किळसवाणा माणूस आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी मनात बाळगता आली पाहिजेत, एकाने दुसरे खोडले जात नाही, हे त्यातील सूत्र. सूत्र सोपे दिसते, पण पाळायला अवघड आहे. कारण त्यात कोणालाही सुटका नाही. खुद्द ऑर्वेल यांनाही नाही. १९४९ साली त्यांनी ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या प्रचार विभागाला, कम्युनिस्टांकडे झुकलेले म्हणून विश्वासास अपात्र अशा लेखक-पत्रकारांची यादी दिली होती. ऑर्वेल हे मोठे लेखक आहेत आणि त्यांनी ती यादी दिली, ही दोन्ही विधानेही आता एकत्रच बाळगावी लागतात.

ह्या सूत्राची खरी कसोटी स्वतःच्या गोटात लागते. नॉर्वेचे कादंबरीकार क्नूत हाम्सुन यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी नाझींची कड घेतली, १९४३ साली आपले नोबेल पदक गोबेल्सला भेट दिले आणि मे १९४५ मध्ये हिटलरचा गौरव करणारा मृत्युलेख लिहिला. हाम्सुनविषयी निर्णय देताना डाव्या माणसाची जीभ अडखळत नाही. तेथे 'कला वेगळी, कलावंत वेगळा' हे वाक्य त्याला पळवाट वाटते. मात्र नेरुदांचे नाव निघाले की हेच वाक्य त्याला शहाणपणाचे वाटू लागते. प्रतिपक्षाच्या कलावंताला एक माप आणि आपल्या कलावंताला दुसरे, ह्याला तत्त्व म्हणत नाहीत. ती गटबाजी आहे. माप एकच हवे. आणि ते हातात घेताना तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत: वाचणे, गौरवणे आणि सत्ता देणे.

वाचण्यावर बंदी नको. हाम्सुन वाचावा, नेरुदा वाचावा, आणि संपूर्ण वाचावा. अभ्यासवर्गात माचू पिचूची कविता वाचली जाते, तेथे कोलंबोचे पानही वाचले जावे. एक पान दुसऱ्याचे उत्तर म्हणून नव्हे, तर दोन्ही एकाच हाताने लिहिलेली आहेत म्हणून.

गौरवाची गोष्ट वेगळी. विमानतळाला, रस्त्याला, सभागृहाला नाव देणे हे वाङ्मयाचे मूल्यमापन नसते. ज्याचे नाव द्यायचे तो माणूस सर्वांसाठी आदर्श आहे, असे समाजाने काढलेले ते जाहीर प्रशस्तिपत्र असते. ते कोणाचा हक्क नसते, त्यामुळे ते नाकारल्याने कोणावर अन्याय होत नाही. चिलीतील स्त्रियांनी पुस्तके जाळा असे म्हटले नाही. पाटी लावू नका, एवढेच म्हटले. कवितेला त्यामुळे बाध आला नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत निकडीची, कारण ती जिवंत माणसांची आहे. हयात असलेला शाहीर, नट, लेखक किंवा गायक, ज्याच्या शब्दावर नवोदितांची संधी अवलंबून असते, त्याच्याविरुद्ध एखादी स्त्री तक्रार घेऊन येते, तेव्हा 'त्यांचे चळवळीसाठी योगदान केवढे!' हे उत्तर अनेक संघटनांनी दिलेले आहे. ते उत्तर देणारा, कोलंबोचे पान वाचून पुढे जाणाऱ्या वाचकाहून वेगळा नसतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. तो राजकीय संघटनांना कितपत लागू होतो ह्याचा कीस वकिलांनी खुशाल काढावा. तक्रार ऐकण्यासाठी, चौकशीसाठी आणि दोन्ही बाजूंना न्याय देण्यासाठी समाजवादी संघटनेला कायद्याच्या धाकाची वाट पाहावी लागू नये. योगदानाचा हिशेब वेगळ्या वहीत राहील. तक्रारीच्या वहीत त्याला जागा नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला आणि मराठी कवितेची भाषा बदलली. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. १९८४ साली त्यांच्या पत्नी, कवयित्री मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. शाहीर अमर शेख यांच्या ह्या मुलीने आपल्या संसारातील छळ आणि फरफट कोणताही आडपडदा न ठेवता मांडली. दोन्ही पुस्तके मराठीत आहेत आणि दोन्ही खरी आहेत. 'गोलपिठा'तील वेदना खरी म्हणून दुसऱ्या पुस्तकातील वेदना खोटी ठरत नाही. दुसरे पुस्तक आले म्हणून 'गोलपिठा' रद्दीत जात नाही. कोलंबोच्या कथेत आणि ह्या कथेत मात्र एक मोठा फरक आहे. येथे स्त्रीने स्वतः लिहिले. तिला नाव आहे, भाषा आहे, सहीनिशी केलेला आरोप आहे.

कोलंबोतील त्या स्त्रीला ह्यातले काही मिळाले नाही. श्रीलंकेचे दिग्दर्शक अशोक हंदगामा यांनी 'अल्बोराडा' ह्या २०२१ सालच्या चित्रपटातून तिची कथा पडद्यावर आणली. पण तीही दुसऱ्याने कल्पिलेली. तिची स्वतःची बाजू इतिहासाने नोंदवलेली नाही. तिच्याविषयी निश्चित माहीत आहे ते एवढेच की ती रोज पहाटे येत असे, दुसऱ्यांचा मैला डोक्यावरून नेत असे, साहेबाच्या भेटवस्तूंना तिने हात लावला नाही, आणि तिने डोळे मिटले नाहीत.

नेरुदांची कविता यापुढेही मोर्चांत, अभ्यासवर्गांत, तुरुंगांत वाचली जाईल, आणि वाचली जावी. ती वाचणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने त्या उघड्या डोळ्यांची आठवण ठेवावी. कवितेत ज्यांना बोलण्याचे आवाहन केले आहे, त्या श्रमिकांमध्ये ती स्त्रीही आहे; कवीने तिला बोलावले नाही, म्हणून वाचकानेही तिला वगळावे असे नाही.