वर्दीतली ओळख
(रायपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेल्या भाषणातून)



नागरी संरक्षण आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्सच्या कामात आपले अनेक कामगार नोकरी सांभाळून स्वयंसेवक म्हणून राबतात. अशी पथके बहुतांशी पुरुषांचीच राहिली. शेजारच्या नागपुरातील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात पहिली मुलगी, हर्षिनी कान्हेकर, दाखल झाली ती २००२ साली!

मुली या कामात येऊ लागल्या की कुजबुज सुरू होते : पोरगी सेवेला जाते की नवरा शोधायला? आम्ही विचारतो, सेवा करता करता जोडीदार भेटला, तर बिघडले कुठे? रायपूरसारख्या ठिकाणी मराठी कुटुंबांचे वर्तुळ लहान. वधू-वर मेळाव्यात पगार, पत्रिका आणि फोटो दिसतो. स्ट्रेचरचे दुसरे टोक धरणारा माणूस मात्र पुरता कळतो. तो घाबरतो का, जखमीशी कसा बोलतो, बेशुद्ध माणसाचे पाकीट जसेच्या तसे परत करतो का, हे कोणत्या पत्रिकेत लिहिलेले असते?

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दहा पुरुषांत एक मुलगी असली, की प्रत्येकाला ती आपल्यासाठीच आली असे वाटू लागते. ती आलेली असते मलमपट्टी आणि दोराच्या गाठी शिकायला. तिने एकदा ‘नाही’ म्हटले की विषय संपला. त्यावरून तिची पाळी बदलायची नाही, तिला टोमणे मारायचे नाहीत. पथकप्रमुखाने तर हाताखालच्या मुलीला मागणी घालूच नये. तिथे ‘हो’सुद्धा मोकळेपणाने येत नाही.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामाच्या ठिकाणी बिनपगारी, स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी.

आणि दोघांचे मनापासून जुळले, पण जात आडवी आली तर? १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस लागते. ते तीस दिवस जोडप्याला कठीण जातात. तेव्हा युनियनने त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे : पथकात मुलगी एकटी नको, निदान दोघी असाव्यात. कपडे बदलायला वेगळी खोली असावी. समितीच्या सदस्यांची नावे फलकावर लावावीत. एवढे झाले की पथकात मुली टिकतील. मग कोणाचे लग्न जुळो वा न जुळो, अपघाताच्या वेळी धावून जाणारे हात वाढतील.