झऱ्याचे पाणी, बावची आणि उजवा गाल



युनियनच्या माणसाने तोंडाला लावावयाच्या क्रीमवर काय बोलावे, हा प्रश्न समोरच्या काही चेहऱ्यांवर मला येथूनच दिसतो आहे. माझे शिक्षण वाचनालयाच्या बाकावरचे. पण पगाराची पावती जशी बारकाईने वाचावी, तसेच बाटलीवरचे लेबलही वाचावे, ही खोड मला चळवळीने लावली आहे.

विशी, आव्हेन, ला रोश-पोझे ही फ्रान्समधील खनिज झऱ्यांची गावे. लोक तेथे स्नानाला जात. विशीचे पाणी पिण्यासाठी खुद्द तिसरा नेपोलियन जाई. १९३१ साली विशीच्या नावाने प्रसाधने निघाली, आणि आज ही नावे औषधांच्या दुकानांत दिसतात. या पाण्यांत कॅल्शियम, बायकार्बोनेट, सिलिका यांसारखी द्रव्ये कमीअधिक असतात; ला रोश-पोझेच्या पाण्यात सेलेनियम आहे. चिडलेल्या, खाजणाऱ्या कातडीला त्यांनी आराम पडतो, हे मी नाकारीत नाही. सुरकुतीचे प्रकरण मात्र निराळे. कातडीच्या सर्वांत वर मृत पेशींचा थर असतो आणि पाण्यात विरघळलेले क्षार तो सहजासहजी ओलांडीत नाहीत. सुरकुती पडते ती खाली, कोलॅजेनचे धागे विस्कटल्यामुळे. दुरुस्ती तळमजल्यावर आणि सामान टाकले गच्चीवर, असा हा व्यवहार!

वनस्पतींच्या अर्काचे काय? युरोपच्या कायद्याप्रमाणे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कसेही मांडता येतात. बाटलीवर फूल मोठे दिसले, की मी त्याचे नाव यादीच्या शेपटाशी शोधतो.

तरी सगळेच थोतांड नव्हे. आपली बावची पाहा. १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या बियांतून बाकुचिऑल वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४४ जणांपैकी काहींना ते आणि काहींना रेटिनॉल असे १२ आठवडे दिले. सुरकुत्या दोन्हीकडे सारख्याच कमी झाल्या. रेटिनॉलवाल्यांची कातडी मात्र अधिक सोलली आणि चुरचुरली. ४४ माणसे म्हणजे आमच्या एका पाळीचीही हजेरी नव्हे. पण हजेरी घेतली तरी गेली! म्हणून कोणी घरी बावची कुटून तोंडाला फासू नये. तिच्यात सोरालेनही असते. त्यावर ऊन पडले की कातडी भाजून फोड येतात.

आता मुद्द्याचे. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने एका ६९ वर्षांच्या माणसाचे छायाचित्र छापले. त्याने २८ वर्षे मालाचा ट्रक चालविला होता. उजवा गाल वयाला शोभेसा. खिडकीकडचा डावा गाल नांगरलेल्या शेतासारखा. काच लावली तरी अतिनील किरणांचा एक भाग आत येतोच. ऑस्ट्रेलियात ९०३ माणसांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१३ साली आला: सूर्यरोधक मलम रोज लावणाऱ्यांची कातडी इतरांपेक्षा २४ टक्के कमी जून झाली.

झऱ्याची बाटली ज्याला परवडते, त्याने खुशाल घ्यावी. पण रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या बाईसाठी रुंद काठाची टोपी, पुऱ्या बाह्यांचा सदरा आणि दुपारी सावली मागितली, की समोरच्या खुर्चीतून "ही चैन आहे" असे उत्तर येते. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. पुढच्या वाटाघाटींना मी दोन जुने ड्रायव्हर बरोबर नेणार आहे, आणि साहेबांना त्यांचे उजवे गाल पाहावयास सांगणार आहे.