फुफ्फुसातील मूलपेशी : आशा आणि विवेक



मुळशी म्हटले की सेनापती बापटांचा १९२१ चा सत्याग्रह आठवतो. आज याच तालुक्यात, लवळे येथे, सिंबायोसिस विद्यापीठाचे मूलपेशी संशोधन केंद्र आहे. मूलपेशी म्हणजे स्टेम सेल. स्वतःसारख्या पेशी निर्माण करणे आणि प्रसंगी निराळे रूप धारण करून शरीराची झीज भरून काढणे, हे तिचे दुहेरी कार्य.

मनुष्याच्या फुफ्फुसांत तीस कोटींहून अधिक वायुकोश असतात. विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्या माता-भगिनींचेही वायुकोश चुलीच्या धुराने जर्जर होतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासमवेत २००९ साली 'लॅन्सेट'मधून याकडे जगाचे लक्ष वेधले. औषधांनी श्वास सुकर होतो. नष्ट झालेला वायुकोश मात्र पुन्हा उभा राहत नाही. म्हणूनच या पेशींचा शोध महत्त्वाचा.

शस्त्रक्रियेत काढलेल्या फुफ्फुसाचा तुकडा रुग्णाच्या संमतीने प्रयोगशाळेत येतो. विकरांच्या साहाय्याने त्यातील पेशी सुट्या करतात, सूक्ष्म जाळीतून गाळतात. पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांच्या खुणेवरून हव्या त्या पेशी वेगळ्या काढतात. हा प्रयोगशाळेतील नीरक्षीरविवेकच! पुढे ३७ अंश सेल्सिअस तापमानात त्या वाढवतात. वायुकोशातील 'टाइप-२' पेशीपासून 'टाइप-१' पेशी आणि चिमुकले गोलक तयार झाले, तरच तिची क्षमता सिद्ध होते.

परंतु विज्ञानालाही सत्याची कसोटी चुकत नाही. मानवी फुफ्फुसातील मूलपेशी सापडल्याचा दावा करणारा एक गाजलेला अमेरिकी शोधनिबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. २०१८ साली तो मागे घेण्यात आला. नाव मोठे होते, पुरावा विश्वासार्ह नव्हता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या व रोगप्रतिकारशक्तीच्या काही विकारांवरील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता, इतर मूलपेशी-उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात. त्यासाठी रुग्णाकडून शुल्क घेता येत नाही. तरीही फुफ्फुस नवे करून देण्याच्या जाहिराती दिसल्या, तर घरातील दागिने मोडण्यापूर्वी कुटुंबाने हा नियम आठवावा. कार्यकर्त्यांनी तो घरोघरी सांगावा. संशोधकाने धीर धरावा, समाजाने त्याला बळ द्यावे. आणि तोवर स्वयंपाकघरातील धूर हटवणे, हे तर आपल्याच हाती आहे.